रम उसाची, पण कोणाच्या उसाची?



या पानावर ऊस, द्राक्ष, खत, पाणी यावर आपण बरंच बोललो. उसापासून निघणाऱ्या एका मालाबद्दल मात्र कधी लिहिलं नाही, तो म्हणजे रम. आधीच सांगतो, हा पिण्याचा प्रचार नाही. आपल्या राज्यात कडक दारूला वयाची अट २५ वर्षं आहे आणि परवाना लागतो. ज्याच्या घरात दारूनं वाटोळं झालंय त्याला याची किंमत मी सांगायची गरज नाही. पण आपल्या फडातल्या उसाचं पुढं काय होतं, हे ऊसवाल्याला माहीत पाहिजे. म्हणून चवीपासून सुरुवात करतो आणि इतिहासाकडं जातो.

आधी चव

आम्ही चौघं शेतकरी, त्यातला एक निवृत्त फौजी. पाच बाटल्यांतली थोडी थोडी रम सारख्या पेल्यांत ओतली, पेल्याखाली चिठ्ठ्या ठेवल्या. प्रत्येकी अर्धा घोट, तेवढंच साधं पाणी. कोला नाही, बर्फ नाही. मध्ये भाजलेले शेंगदाणे.

बकार्डी, पांढरी: पाण्यासारखी स्वच्छ. वास हलका, किंचित गोडसर. पिंपात मुरवल्यावर कोळशातून गाळतात म्हणून रंगही जातो आणि जडपणाही. आमच्या फौजीला ती रमच वाटली नाही.

मॅकडॉवेल्स सेलिब्रेशन: गडद रंग, तोंडात गोड, जळक्या साखरेचा वास पुढं. घोट गेला की चव लवकर संपते.

ओल्ड मंक: व्हॅनिला, मनुका, करपत आलेली काकवी. सेलिब्रेशनपेक्षा जड आणि जास्त वेळ जिभेवर राहणारी. चौघांनीही चिठ्ठी न बघता ओळखली.

अमृतची टू इंडीज: बार्बाडोस, जमैका, गयाना इथली रम आणि आपल्या देशातल्या गुळाचं स्पिरिट असं मिश्रण. यात गुऱ्हाळावरचा वास येतो. कढई उतरवताना जी वाफ नाकात जाते ना, त्याच्या जवळचा.

कामिकारा: हरियाणातल्या पिकॅडिली कंपनीची, मळीची नाही तर उसाच्या रसाची. लाकडाचा वास जास्त, पण खाली ताज्या चिपाडाचा, हिरवट वास आहे. गोडी कमी. महाग आहे, म्हणून त्यात आम्ही चौघांनी मिळून एकच पेला केला.

नंतर सेलिब्रेशन आणि ओल्ड मंकमध्ये कोला घातला. मग चौघांपैकी एकालाही खात्रीनं वेगळं करता आलं नाही. ज्याला चव तपासायची त्यानं साध्या पाण्यातच तपासावी. आणि रंगावर जाऊ नये. गडद म्हणजे जुनी, असं काही नसतं. रंगासाठी कॅरमल, म्हणजे जाळलेली साखर, घालायला परवानगी आहे. थोडी रम तळहातावर चोळा, स्पिरिट उडून जाऊ द्या आणि मग हुंगा. जे मागं राहतं तो तिचा खरा वास.

शेवटच्या दोन पेल्यांत आम्हाला ऊस सापडला. पहिल्या तिघांत कारखाना सापडला. असं का, ते आता बघू.

मळीतून चव जाते कशी

आपल्या देशातली बहुतेक रम मळीपासून होते. साखर काढून काढून शेवटी जो काळा पाक उरतो ती मळी. ती पातळ करून यीस्ट घालून आंबवतात आणि उंच स्तंभासारख्या यंत्रातून उकळून काढतात. हे यंत्र एनिअस कॉफी नावाच्या आयरिश माणसानं १८३० च्या सुमारास बसवलं. त्यातून ९५-९६ टक्क्यांचं शुद्ध अल्कोहोल निघतं. शुद्ध म्हणजे चांगलं, असं आपल्याला वाटतं. पण चवीच्या बाबतीत शुद्ध म्हणजे चव नसलेलं. जमैकात अजूनही तांब्याच्या हंड्यातून रम काढतात, त्यात वास-चव टिकते. आपल्याकडं आधी सगळं धुऊन काढतात आणि मग लाकडी पिंप, मिश्रण आणि कॅरमल यांनी चव पुन्हा आणतात. कंपनी-कंपनीत जो फरक लागतो तो मुख्यतः या शेवटच्या पायरीचा असतो.

त्यात आपली हवा गरम. स्कॉटलंडमध्ये पिंपातला माल वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास उडतो. बंगळूरच्या अमृतचा अनुभव १० टक्क्यांच्या वरचा आहे. म्हणून इथं पिंप लवकर मुरतं, पण जास्त वर्षं ठेवणं परवडत नाही.

आता गंमत बघा. हेच मळीचं स्पिरिट आपल्याकडच्या बऱ्याचशा स्वस्त व्हिस्कीत जातं आणि देशी दारूतही जातं. मळीच्या व्हिस्कीला युरोपात व्हिस्की म्हणून विकता येत नाही, तिथं ती धान्याचीच लागते. मळीची रम मात्र जगात कुठंही रमच असते. म्हणजे दुकानाच्या फळीवर नावाला जागणारी ही एकच बाटली.

४२.८ हा आकडा आला कुठून

आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ४० का नाही, ४५ का नाही? ही ब्रिटिश आरमाराची देणगी. १६५५ ला इंग्रजांनी जमैका घेतलं आणि त्यांच्या खलाशांना रमचा रतीब सुरू झाला. तो ३१ जुलै १९७० ला बंद झाला, म्हणजे तीनशे वर्षं चालला. पुरवठादार पाणी घालतो का, हे तपासायची जुनी रीत अशी: बंदुकीच्या दारूवर ती रम ओतायची आणि पेटवायची. पेटली तर माल खरा. आपल्या भाषेत दोन्हीला दारूच म्हणतात, दारूनं दारूची परीक्षा! पेट घेण्याइतपत जी ताकद, ती १०० प्रूफ धरली, म्हणजे ५७.१ टक्के. त्याच्या पंचवीस अंश खाली ७५ प्रूफ, आणि ५७.१ चे पाऊण म्हणजे ४२.८. इंग्रज गेले, आरमाराचा रतीब बंद झाला, पण आपल्या अबकारी खात्याचं माप तेच राहिलं.

जुना इतिहास थोडक्यात

गुळाची मादक पेयं आपल्याकडं फार जुनी. मनुस्मृतीत सुरेचे तीन प्रकार सांगून वर्ज्य केलेत, त्यात पहिली गौडी, म्हणजे गुळाची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा सरकारी अधिकारी आहे, आणि आसवाच्या कृतीत कवठाबरोबर फाणित आहे. फाणित म्हणजे आटवलेला रस, आपल्या काकवीचा पूर्वज. त्या पेयांना रम म्हणता येणार नाही, पण ऊस आणि दारू यांचं नातं परदेशातून आलं नाही, हे नक्की.

रम हे नाव मात्र सतराव्या शतकातल्या बार्बाडोसचं. साखरेच्या मळ्यांत मळी फुकट जायची, तिची दारू केली. ऊस तोडायला आफ्रिकेतून पकडून आणलेली गुलाम माणसं होती आणि त्या माणसांच्या खरेदीतही रम चालायची. १८३४ ला ब्रिटिश साम्राज्यात गुलामी बंद झाली तेव्हा मळ्यांना मजूर कमी पडले. मग भारतातून गिरमिट्ये नेले. मॉरिशसला गेलेल्यांत मुंबई बंदरातून चढलेले आपले मराठी लोक होते, कोकणातले जास्त. त्यांची पणतवंडं तिथं आजही गणपती बसवतात. त्या मॉरिशसमधल्या शामारेल गावात आता उसाच्या रसाची रम होते आणि बाटलीवर गावाचं नाव असतं. हे नाव लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

भारतात रम फौजेमुळं रुजली. हिमाचलात कसौलीला १८५५ ला एडवर्ड डायरनं बिअरचा कारखाना काढला. १९१९ ला जालियनवाला बागेत गोळ्या घालणाऱ्या जनरल डायरचा हा बाप. १९४९ ला ती कंपनी नरेंद्रनाथ मोहन यांनी घेतली आणि डिसेंबर १९५४ मध्ये ओल्ड मंक बाजारात आली. जाहिरात न करता ती देशभर गेली. फौजी सुट्टीवर येताना कॅन्टीनची बाटली आणायचा, हीच तिची जाहिरात. आपल्या नाशिकला तर देवळालीची छावणी आणि तोफखान्याची शाळा. आजूबाजूच्या गावांत कित्येकांनी पहिली रम कॅन्टीनचीच बघितली.

आपल्या भागात काय झालं

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर घरोघरच्या, पाड्यापाड्यांवरच्या भट्ट्या बेकायदा ठरत गेल्या. दारू सरकारच्या नजरेखाली, मोठ्या भट्टीतच निघाली पाहिजे, असा तो हिशोब. नाशिकरोडला सरकारची सेंट्रल डिस्टिलरी होती, तिथं मोहाच्या फुलांची दारू निघायची. पेठ, सुरगाण्याच्या आदिवासीचं फूल. ते गोळा करणाऱ्याला फुलाचा भाव, पुढचं सगळं दुसऱ्याचं. हे गणित नीट बघा. पुढं उसालाही हेच लागू झालं.

१९३३ ला मालेगाव तालुक्यात वालचंद हिराचंद यांचा रावळगावचा साखर कारखाना उभा राहिला. त्याच साली शेजारी श्रीरामपूर तालुक्यात महादेव डहाणूकरांनी महाराष्ट्र शुगर मिल्स काढली. ती आजची टिळकनगर इंडस्ट्रीज. मॅन्शन हाऊस ब्रँडी त्यांचीच, आणि मदिरा नावाची रमसुद्धा. म्हणजे साखरेतून दारूकडं गेलेली मोठी कंपनी आपल्या हाकेच्या अंतरावर आहे.

मग १९५०. त्या एप्रिलात मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली आणि त्याच डिसेंबरात लोणीला प्रवरेच्या सहकारी कारखान्यानं पहिलं गाळप सुरू केलं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या या कामानं ऊसवाला कारखान्याचा मालक झाला. पण कोणत्या मालाचा मालक? साखरेचा. मळीची दारू करायची तर वरून बंदी. १९६१ ला केंद्राचा मळी नियंत्रण आदेश आला. मळी किती भावानं आणि कुणाला द्यायची, हे सरकार ठरवू लागलं. हे नियंत्रण १९९३ पर्यंत होतं. बत्तीस वर्षं आपल्या उसाची मळी बाजारात मोकळी नव्हती.

आणि दारूबंदीच्या काळात गावात काय चाललं होतं? हातभट्टी. काळा गूळ, नवसागर, पत्र्याचा डबा आणि रबराची नळी. नीट बघितलं तर ती गुळाचीच दारू होती, गौडीची सगळ्यात वाईट नात. तिनं किती संसार बुडवले त्याला मोजदाद नाही. पुढं १९६३-६४ पासून कायदा सैल झाला, १९७३ ला देशी दारूचे नियम आले. पण तोवर उसाची दारू म्हणजे एक तर हातभट्टी, नाही तर कुठलीही ओळख नसलेलं स्पिरिट, एवढंच डोक्यात बसलं होतं. चांगल्या उसाची चांगली रम हा विचारच आला नाही.

दिंडोरीची दोन पिकं

आता दिंडोरी तालुका घ्या. एकच माती, पालखेड-करंजवणचं एकच पाणी. एका बांधाला वाईनचं द्राक्ष, दुसऱ्या बांधाला ऊस. द्राक्ष वायनरीत जातं, ब्रिक्स बघून भाव ठरतो, आणि सुलाच्या एका शिराझ वाईनवर दिंडोरी हे नाव छापून येतं. नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ऊस राजारामनगरला कादवा कारखान्यावर जातो आणि वजनकाट्यावर त्याची ओळख संपते.

ही देवाची करणी नाही, धोरणाची आहे. २००१ ला महाराष्ट्रानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. वाईनला उत्पादन शुल्कात दहा वर्षं पूर्ण माफी दिली, ती पुढं वाढवली. आपल्या विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाईन पार्क केले. गोव्यानं २००९ ला काजूच्या फेणीला मानांकन मिळवलं. कोल्हापूरच्या गुळालाही मानांकन आहे. पण त्या गुळाच्या किंवा रसाच्या रमसाठी असं धोरण नाही. उलट जून २०२५ ला राज्यानं विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवलं आणि 'महाराष्ट्र मेड लिकर' हा नवीन, स्वस्त गट काढला. तो गट धान्याच्या मद्यासाठी. देशात उसात आघाडीवर असलेल्या राज्याच्या नावानं जी दारू निघते, तिच्यात ऊस नाही!

हिशोब

ढोबळ आकडे सांगतो. एक टन उसातून ४० ते ४५ किलो मळी निघते. तिच्यातून साधारण साडेदहा लिटर स्पिरिट. ते ४२.८ टक्क्यांवर आणलं की २३ लिटर, म्हणजे ७५० मिलीच्या तीस बाटल्या. २०२४-२५ ला सी-हेवी मळीच्या इथेनॉलला ५७ रुपये ९७ पैसे लिटर भाव होता. तोच माप म्हणून धरला तर तीस बाटल्यांतला माल सहाशे रुपयांचा. एका बाटलीत वीस रुपयांचा ऊस-माल. बाकी शुल्क, काच, पिंप, वाहतूक, दुकानदार आणि नाव.

ऊसवाल्याला एफआरपी मिळते, २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. महसूल वाटणीच्या सूत्रात मळी धरतात, पण मळी म्हणून. तिचं पुढं काय झालं ते धरत नाहीत. उताऱ्याला पैसे आहेत, चवीला नाहीत.

एक गोष्ट मात्र शेतात परत येते. एक लिटर स्पिरिटमागं १० ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. तो ओढ्याला सोडला की विहिरी तांबड्या होतात, हे भोगलेली गावं आहेत. आता तो आटवून जाळतात आणि राखेतून १४.५ टक्के पालाशचं खत करतात. पीडीएम नावाची ती गोणी म्हणजे रमची सख्खी बहीण. पालाश आपल्याच जमिनीतून गेलेला, आपल्यालाच विकत.

मग ऊसवाल्यानं काय समजायचं

शेताची चव मालात उतरते की नाही, हे गुऱ्हाळवाल्याला विचारा. चोपण जमिनीतल्या उसाचा गूळ खारट होतो. युरिया जास्त पडला की गूळ काळा पडतो आणि ढेप नीट बसत नाही. को ८६०३२ चा रस आणि नुसत्या वजनाच्या वाणाचा रस आपण जिभेवर ओळखतो. हा सगळा फरक मळी आणि स्तंभ यंत्रातून गेल्यावर शून्य होतो. रसाची किंवा गुळाची रम असेल तर तो टिकतो. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटानं १९९६ पासून हेच कायद्यात बसवलंय: कोणत्या गावातला ऊस, रसाचा ब्रिक्स किती हवा, सगळं ठरलेलं. 

आपल्याकडं अडचणी आहेत, त्या लपवत नाही. एक टन उसाच्या रसातून ७० लिटरच्या आसपास स्पिरिट निघतं, पण तेवढी साखर सोडावी लागते. रस तोडणीनंतर काही तासांत आंबायला लागतो, तो मळीसारखा टाकीत साठवता येत नाही. डिसेंबर २०२३ ला केंद्रानं एका आदेशानं रसाचं इथेनॉल थांबवलं होतं, तसा फटका इथंही बसू शकतो. आणि गुऱ्हाळावर दारू काढणं हा गुन्हा आहे. कुणी घरी प्रयोग करू नये, त्यात जीव जातो. २०१५ ला मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली.

पण परवाना असलेल्या आसवनीनं, ठरावीक वाणाचा, ठरावीक गावांचा ऊस वेगळा घेऊन, वेगळा गाळून, त्याला जादा भाव देऊन रसाची रम करायला तांत्रिक अडथळा नाही. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मद्यार्काचं शिक्षण आहे, पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन चालू आहे. लागतं ते २००१ सारखं धोरण, आणि ते मागणारे ऊसवाले. पुढच्या वार्षिक सभेला उताऱ्याचा प्रश्न विचाराल तेव्हा जोडीला हाही विचारा: आपली मळी कुणाला, कोणत्या भावानं गेली, आणि रसाचा वेगळा माल करायचा विचार संचालक मंडळानं कधी केला का?

आणि जे घेतातच, त्यांनी बाटली हातात आली की मागची चिठ्ठी वाचा. मळी, गूळ की रस, हे लिहिलंय का? पिंपात किती वर्षं, हे लिहिलंय का? ऊस कुठला, हे लिहिलेली एखादी बाटली आपल्या राज्यात कुणाला दिसली असेल तर नाव जरूर कळवा. मला अजून दिसलेली नाही.